रॉकेट मिळत नाही, मामा

गेल्या महिन्यात मामांनी पेपरचं एक कात्रण माझ्यासमोर ठेवलं आणि माझं दोन वर्षं टिकलेलं खोटं संपलं. बातमी साधीच होती. छोटे उपग्रह वर नेणारी छोटी रॉकेटं आता आपल्याकडे खाजगी कंपन्याही बनवायला लागल्या आहेत, दक्षिणेत समुद्रकाठी त्यांच्यासाठी वेगळं ठिकाण तयार होतंय, आणि यापुढे जागेसाठी वर्षानुवर्षं ताटकळावं लागणार नाही, असं कुणी जाणकार त्यात म्हणाला होता. मामा एरवी साधा कागदही गुण्या लावून काटकोनात कापणारा माणूस. या कात्रणाची कड मात्र वेडीवाकडी होती. ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

“आता तर मिळतंय की गं,” ते म्हणाले. “कवा जायाचं आपलं?”

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. घोडनदीत, म्हणजे सरकारी कागदावरच्या शिरुरात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं लेथचं दुकान आहे. मुसलमान घर, कित्येक पिढ्या इथलंच. आम्ही केडगावचे. आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन फिरणारे. वडिलांनी पहिल्यांदा एका जागी ऊस लावला आणि पाण्यासाठी इंजिन घेतलं. इंजिन बिघडलं की वडील ते टेम्पोत घालून थेट घोडनदीला आणायचे. दौंडला, चौफुल्याला मिस्त्री नव्हते असं नाही, पण या माणसासारखा हात कुणाचा नाही, हे त्यांचं ठाम मत. मी हट्टानं बरोबर यायचे. मामा मला पोत्यावर बसवून खेळायला एक जुनं बेअरिंग द्यायचे आणि मी ते दुपारभर फिरवत बसायचे. मी यंत्रं शिकवणारी मास्तरीण झाले ती त्या बेअरिंगामुळे, असं मामा चारचौघांत सांगत. मी वरवर नाक मुरडायचे, पण गोष्ट खरी होती.

शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते. खिडकीतून ऊस दिसतो, हंगामात गुऱ्हाळांचा गोड धूर वर्गात येतो आणि पाचट पेटवलं की बाकांवर काजळी पडते. अशा ठिकाणी शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी उपग्रह करायचा म्हटल्यावर मी ताडकन नाही म्हणाले. माझा स्वभावच तो. आधी नाही म्हणायचं आणि मग सगळ्यांच्या आधी येऊन कामाला बसायचं. उपग्रह केवढा, तर दहा सेंटीमीटरचा चौकोनी ठोकळा, मिठाईच्या खोक्याएवढा. शेतात पुरलेली यंत्रं मातीतल्या ओलाव्याचे आकडे पाठवणार, यानं वरून जाताना ते गोळा करायचे आणि आमच्या गच्चीवरच्या अँटेनाकडे सोडायचे. बस्स, एवढंच त्याचं काम.

आतले बोर्ड मुलांनी केले. बाहेरची चौकट मात्र अॅल्युमिनियमच्या एकाच अखंड ठोकळ्यातून कोरून काढायची होती, आणि मापात चूक चालणार ती केसाच्याही एका हिश्श्याएवढी. रांजणगावच्या कारखान्यांत मी चार ठिकाणी गेले. सगळीकडे चहा मिळाला आणि एकच उत्तर मिळालं: “एका नगासाठी मशीन कोण थांबवणार, मॅडम?” शेवटी ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन घोडनदीला उतरले.

मामांनी ड्रॉइंग बाकावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार नट ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले.

“ह्ये कुठं बसवायचं?”

“वर. पृथ्वीभोवती फिरणार आहे.”

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. “म्हंजी दुरुस्तीला परत येनार न्हाई.”

“नाही.”

“मंग नीट कराया पायजे,” ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

गुऱ्हाळांच्या हंगामाचे दिवस होते. चरकाचे लाट, म्हणजे ऊस पिळायचे रूळ, घेऊन लोक दारात उभे, आणि मामा तीन आठवडे आमच्या एका ठोकळ्यापुढे बसून. लोकांनी माझ्या नावानं बोटं मोडली असतील. चौकट तयार झाली तेव्हा मी त्यांना बजावलं की यापुढे तिला तेलाचा थेंब लागता कामा नये, उघडा हात लागता कामा नये, स्पिरिटनं धुऊन द्या. त्यांनी विचारलं, का गं? मी घाईत होते. म्हणाले, “वर चालत नाही, मामा.” ते म्हणाले, “बरं.” दिवसाचे पाच तास समजावून सांगण्याचा माझा धंदा, आणि त्या माणसाला मी तीन शब्दांत वाटेला लावलं. पुढचं सगळं त्या तीन शब्दांतून झालं. आजही आठवलं की मला माझाच संताप येतो.

उपग्रह तयार झाला आणि मग कळलं की उपग्रह करणं सोपं होतं. अवघड होतं ते वर न्यायला कुणीतरी मिळणं.

मुलांनी मामांना ते छान समजावलं होतं. मोठं रॉकेट म्हणजे एसटी. सुटते तिच्या वेळेला, जाते तिच्या मार्गानं. त्यात मोठा उपग्रह हा खरा प्रवासी. आपल्यासारख्यांनी कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं आणि तो उतरेल त्याच फाट्याला उतरायचं. छोटं रॉकेट म्हणजे वडाप. आपल्याला हवं तेव्हा, हव्या त्या वाटेनं. फक्त वडापच्या जीपगाड्या अजून कारखान्यातून बाहेर पडायच्या होत्या, आणि जगभरचे छोटे उपग्रह फाट्यावर पिशव्या घेऊन उभे होते.

पहिल्यांदा आम्हाला परदेशातल्या एका नव्या कंपनीच्या छोट्या रॉकेटात जागा मिळाली. मुलांनी पेढे वाटले. सहा महिन्यांत ती कंपनी रॉकेट न उडवताच बंद पडली. मग एका मोठ्या रॉकेटात कोपरा मिळाला. त्याचा मुख्य उपग्रह आधी लांबला, मग त्याची कक्षा इतकी उंच ठरली की आमचा ठोकळा तिथं पिढ्यान्‌पिढ्या कचरा होऊन फिरत राहिला असता. काम संपल्यावर काही वर्षांत खाली येऊन जळून जायचं हा नियम आहे, तो पाळता येईना. आम्हीच माघार घेतली. ज्या मुलांनी बोर्ड जोडले होते ती पास होऊन पुण्याला, बंगळूरला नोकरीला लागली. नव्या मुलांना तो ठोकळा म्हणजे मॅडमच्या कपाटातली एक वस्तू होती. मामा मात्र दर खेपेला विचारत. वडील गेल्यावर घोडनदीला जायला मला दुसरं कारण नव्हतं, तरी मी जायचे.

“कवा?”

“रॉकेट मिळत नाही, मामा.” तेव्हा हे खरं होतं.

खंडेनवमीला आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा असते. सगळी लेथं पुसायची, तेल द्यायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचं. मामा दरवर्षी न बोलावता येत. आपल्या दुकानातही ते त्या दिवशी चक्र फिरवत नसत. सगळ्या पंचक्रोशीचं लोखंड त्या दिवशी थांबतं, तर त्यांचंही थांबायचं. “पूजा तुमची, तेलपानी माजं,” असं म्हणून ते बाह्या सारून आमच्या जुन्या लेथाच्या पोटात शिरत. ते आटोपलं की माझ्या खोलीत येत. “पोरी, दाव की त्येला जरा.”

पहिल्या वर्षी मी स्वतः हातमोजे घालून हवाबंद डबा उघडला आणि दाखवला. दुसऱ्या वर्षी माझ्यामागे प्रसादाची गडबड होती. मी कपाटाची किल्ली त्यांच्या हातात दिली. तिसऱ्या वर्षीही दिली. थांबून थांबून मला त्या ठोकळ्याचा वीट आला होता. निदान एक माणूस तो आवडीनं बघतोय तर बघू दे, असं मनात होतं. ते बराच वेळ दार लोटून आत असत आणि बाहेर आले की चेहरा प्रसन्न असे.

ते आत काय करत, हे मला कळलं ते इथून फार लांब, दक्षिणेतल्या एका शहरात. तिसरी जागा मिळाली होती, आपल्याच देशातल्या एका छोट्या रॉकेटात. हे नक्की उडणार होतं. मी डबा न उघडता तसाच नेला होता. उपग्रह तपासून घ्यायला एक तरुण इंजिनिअर बाई होती, नाकाला पट्टी, हातात मोजे. तिनं पांढरं फडकं चौकटीच्या कडेवरून फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. फडक्यावर पिवळा डाग होता. चौकटीच्या पायांत दोन बारीक स्प्रिंगा असतात, वर गेल्यावर शेजाऱ्यापासून दूर ढकलणाऱ्या. त्या स्प्रिंगांत, कडांना, स्क्रूंच्या खाचांत, काडीच्या टोकानं लावावं तसं अगदी जपून ग्रीस लावलेलं होतं. दोन उन्हाळ्यांत ते पातळ होऊन आत उतरलं होतं.

मला ते कुणाचं हे विचारावं लागलं नाही. वासावरून कळलं. आमच्याकडे पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद झालं की चरकाला ग्रीस चोपडून, वर गोणपाट टाकून ठेवतात. पडून राहिलेल्या यंत्राला हात लावत राहावं लागतं, नाहीतर ते गंजून धरतं. हंगाम आला की सगळं पुसून काढायचं आणि सुरू करायचं. मामांनी जन्मभर हेच केलं होतं. मी सांगितलं होतं, वर तेल चालत नाही. त्यांनी ते तंतोतंत लक्षात ठेवलं होतं. पण हा कुठं वर होता? हा माझ्या कपाटात पडून होता, रॉकेट मिळत नव्हतं म्हणून. जायच्या वेळी पुसून घेतील की, असं त्यांच्या मनात असणार. हवा नसलेल्या जागी ग्रीसची वाफ होते, शेजारच्या उपग्रहांच्या काचांवर जाऊन बसते आणि त्यांचे डोळे जातात, एवढंच मी सांगायला हवं होतं. त्याला एक मिनिटही लागलं नसतं.

ती इंजिनिअर बाई भली होती. म्हणाली, यावेळी नाही घेता येणार, इतरांच्या जिवाशी खेळ होईल. पण आतले बोर्ड वाचतील. नवी चौकट करून आणा, पुढच्या उड्डाणाला मी स्वतः आठवण ठेवीन. मग तिनं ती चौकट उजेडात धरून फिरवली आणि विचारलं, “ही केली कुणी? असं काम मी बघितलं नाही.”

मी बाहेर व्हरांड्यात आले तेव्हा मामांचाच फोन आला. “काय म्हनले? घेतला?”

मी भिंतीला टेकून उभी होते. म्हणाले, “रॉकेट पुढं ढकललंय, मामा.”

“परत?”

“परत.”

“असू दे,” ते म्हणाले. “त्येंचंबी यंत्रच हाय. रडू नगंस.” मी रडतेय हे त्यांना फोनवरही कळलं होतं. का रडतेय, ते कळलं नव्हतं.

मग मी ते खोटं पुढे वाढवत नेलं. आता हवा खराब, आता इंजिनाची चाचणी, आता रांग. अर्धं त्यात खरंही असायचं, कारण छोट्या रॉकेटांचं घोडं जगभर कुठं ना कुठं अडतच होतं. एखादं पहिल्याच उड्डाणात समुद्रात जायचं आणि त्याच्यामागची सगळी तारखांची माळ तुटायची. खोटं बोलायला इतका सोयीचा धंदा दुसरा नसेल. रॉकेट बिचारं उलटून बोलत नाही. त्याच्यावर काहीही ढकलावं.

ज्या माणसानं आयुष्यात एक काम वाया घालवलं नाही, त्याला तुम्हीच ते घालवलंत हे कसं सांगायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्यात माया होती, नाही असं नाही. पण खरं लिहायचं तर लाजही होती. किल्ली मी दिली होती. नवी चौकट करायला त्यांच्याकडे जायचं तर जुनीचं काय झालं हे आलंच. दुसरीकडे एक नग कुणी करून देईना. प्राचार्य म्हणाले, तो विषय मिटवा आता. मी मिटवलाही नाही आणि उघडलाही नाही. बोर्ड त्या तेलकट चौकटीत तसेच कपाटात राहिले.

त्या दोन वर्षांत मामांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीतला चहा सांडायचा, ते बशीला नावं ठेवायचे. मग गोळ्या सुरू झाल्या. मग बारीक कामं बंद झाली, आणि एकदा मी गेले तर लेथावर चादर घातलेली होती. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते. दर खेपेला बघत होते आणि दर खेपेला सांगत होते, रॉकेट मिळत नाही, मामा.

तर ते कात्रण. “आता तर मिळतंय की गं.”

मी सांगितलं. लहानपणी मी पोत्यावर बसायचे तिथं आता प्लास्टिकची खुर्ची असते, तिच्यावर बसून सगळं सांगितलं. खंडेनवमी, किल्ली, पांढरं फडकं, वाफ. त्यांनी उजवा हात डाव्या हातानं धरून मांडीवर ठेवला होता. मी थांबल्यावर त्यांनी ग्रीसबद्दल काहीच विचारलं नाही. मला वाटलं होतं ते तिथं कोसळतील. मी दोन वर्षं ज्याला भीत होते ते त्यांनी मान हलवून गिळलं, हाताखालून एखादा नग चुकतो तसा.

“माजी चूक झाली म्हनायची,” ते म्हणाले. “मंग ती बाई काय बोलली?”

“म्हणाली, नवी चौकट आणा. बोर्ड वाचतील.”

“कवा बोलली?”

“तेव्हाच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, बाकाखाली वाकले आणि डाव्या हातानं एक गाठोडं ओढून काढलं. जाड प्लास्टिक, आत गोणपाट, आत अॅल्युमिनियमचा ठोकळा. पहिल्या चौकटीच्या वेळचाच. एक काम आलं की माल दोन नगांचा आणायचा, एक बिघडला तर दुसरा हाताशी असावा, ही त्यांची पद्धत. मला ती लहानपणापासून माहीत होती. मी विसरले होते.

त्यांनी मायक्रोमीटर घेतला आणि ठोकळ्याला लावायला गेले. तो अॅल्युमिनियमवर टकटक वाजत राहिला. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग मायक्रोमीटर त्याच्या लाकडी पेटीत ठेवला आणि पेटीची कडी लावायला त्यांना वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला.

“दोन वरसांमागं माजा हात चालत व्हता, मॅडम,” ते म्हणाले. “तुमी सांगायचं व्हतं.”

जन्मात त्यांनी मला मॅडम म्हटलं नव्हतं, आणि तुमीही नाही. त्यांनी ठोकळा परत गुंडाळून माझ्या मांडीवर दिला. म्हणाले, घिऊन जावा, कुनाकडून तरी करून घ्या. मी माफी मागितली. ते लेथावरची चादर सारखी करत होते. ऐकलं असेल.

ठोकळा घेऊन मी चौफुल्याच्या एसटीत बसले. न्हावऱ्याच्या पुढं कधीतरी लक्षात आलं की मांडीवर डाग पडलाय. मामांनी ठोकळ्यालाही ग्रीस लावून ठेवलं होतं.

परवा त्या इंजिनिअर बाईची मेल आली. तिनं खरंच आठवण ठेवली होती. लिहिलंय, पुढच्या उड्डाणात तुमच्यासाठी जागा आहे, त्यानंतरच्यातही आहे, आता पूर्वीसारखी अडचण राहिली नाही. चौकट तयार असेल तर कळवा. त्याच माणसाकडून केली असेल ना, असंही खाली विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.